ऐंशी मीटरच्या बँडवर हाक पोहोचते, पण उत्तर ऐकू येत नाही: आधी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हौशी रेडिओच्या ८० मीटर बँडवर (३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास) इन्व्हर्टेड व्ही आणि १६० मीटरवर (१.८ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड एल अशा तारेच्या अँटेना, शंभर वॅट. दूरची स्टेशनं तुम्हाला उत्तर देतात हे इतरांकडून कळतं, पण तुमच्या कानावर नुसती घरघर, म्हणजे नॉइज, येते. एसएसबीवर, म्हणजे आवाजाने बोलायच्या पद्धतीत, सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर दिवसा काय, रात्री काय, ९ च्या खाली उतरत नाही. आवार साधारण २० बाय १५ मीटरचं. अशा वेळी फक्त ऐकण्यासाठी तयार ॲक्टिव्ह लूप (ॲम्प्लिफायर जोडलेली छोटी वेढ्याची अँटेना) विकत घ्यावा, की बेव्हरेजसारखं (जमिनीलगतच्या लांब तारेची अँटेना) काही बांधायच्या मागे लागावं?

लूप घ्या, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी जे करायचं आहे ते केलं नाही, तर लूपही तीच घरघर ऐकवेल, फक्त थोड्या हळू आवाजात. आणि हळू आवाजामुळे आपली फसगत होते. मीटरचा काटा ९ वरून ४ वर आला की सुधारणा झाली असं वाटतं. पण नॉइज ३० डेसिबलने उतरला आणि सिग्नलही ३० डेसिबलनेच उतरला, तर हाती काही लागलं नाही. आपल्याला हवं आहे ते सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर. पुढचं सगळं वाचताना एवढं एक धरून ठेवा.

आधी तुमचा एस ९ किती वाईट आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत मानवनिर्मित नॉइजचे सरासरी आकडे आहेत. वस्तीच्या भागात हा नॉइज उष्णताजन्य नॉइजच्या पातळीपेक्षा १.८ मेगाहर्ट्झला सुमारे ६५ डेसिबलने, ३.६ ला सुमारे ५७ ने आणि ७ ला सुमारे ४९ ने वर असतो. गावाबाहेरच्या भागात प्रत्येक आकडा पाचेक डेसिबलने कमी. ही आकडेवारी १९७० च्या दशकातल्या मोजमापांवर आधारलेली आहे, म्हणजे घरात ढिगाने स्विचिंग ॲडॉप्टर येण्याच्या आधीची. तरी तुलनेला ती उपयोगी पडते. पूर्ण आकाराची अँटेना आणि एसएसबीची २.४ किलोहर्ट्झ बँडविड्थ धरली तर ८० मीटरवर हे गणित उणे ८३ डीबीएमच्या (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) आसपास येतं. एस ९ म्हणजे उणे ७३ डीबीएम आणि प्रत्येक एस-युनिट ६ डेसिबलचं. त्या हिशोबाने वस्तीतल्या घरात एस ७ ही साधारण पातळी झाली. तुमच्याकडे त्याहून दहा डेसिबल जास्त आहे. १६० वर मात्र याच गणिताने एस ८ च्याही थोडं वर येतं, त्यामुळे तिथला तुमचा ९ मला तितका खटकत नाही. (बहुतेक रेडिओंचा एस-मीटर खालच्या टोकाला ६ डेसिबलचं युनिट पाळत नाही, म्हणून हे आकडे कानाला लागलेल्या अंदाजासारखे घ्या.)

दुसरी खूण तुमच्याच वाक्यात आहे: ‘दिवसा काय, रात्री काय’. भर दुपारी आयनोस्फिअरचा डी थर ८० मीटरवर दूरून येणारं जवळजवळ सगळं शोषून घेतो. दूरच्या विजांचा कडकडाट आणि दूरच्या शहरांचा गोंगाट तेव्हा तुमच्यापर्यंत येत नाही. तरीही दुपारी एस ९ दिसत असेल, तर तो नॉइज जवळचाच आहे, आणि जवळचा नॉइज शोधता येतो. म्हणून ही मला चांगली बातमी वाटते.

शोधाची सुरुवात स्वतःच्या घरातून करा. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, संगणक बंद करा, रेडिओला लागलेली यूएसबी, ऑडिओ, नेटवर्क अशी प्रत्येक केबल काढा, फक्त अँटेना ठेवा. मग घराचा मेन स्विच बंद करा. इथे बहुतेक जण एक चूक करतात: घरातला यूपीएस किंवा इन्व्हर्टर विसरतात. वीज गेली की तो जागा होतो आणि स्वतःच जबरदस्त नॉइज करू लागतो. मग माणूस समजतो की मेन बंद करूनही फरक पडला नाही, म्हणजे नॉइज बाहेरचाच. तो आधी पूर्ण बंद करा. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जरही काढून ठेवा.

मेन बंद केल्यावर काटा खाली आला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत जा आणि प्रत्येक पावलाला मीटरचा आकडा कागदावर लिहा. लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, चौथ्या एमसीबीनंतर पहिला आकडा आठवत नाही. मोजताना प्रीॲम्प (रेडिओतला सिग्नल वाढवणारा भाग) बंद, बँडविड्थ एकच, फ्रिक्वेन्सी एकच. मी तीन जागा ठरवून ठेवल्या आहेत, प्रत्येक बँडवर एक, जिथे सहसा कोणी बोलत नाही. तिथले आकडे मी दर महिन्याला एका वहीत उतरवतो. ही वही माझ्याकडच्या कुठल्याही अँटेनापेक्षा जास्त कामाला आली आहे, कारण नवा नॉइज कधी सुरू झाला हे ती सांगते, आणि ‘कधी’ कळलं की ‘काय’ हे निम्मं कळतं.

वॉटरफॉल (बँडवरचे सिग्नल चित्ररूपात दाखवणारा पडदा) असेल तर नॉइजचा चेहराही ओळखता येतो. स्विचिंग पॉवर सप्लायच्या जाडसर, अस्पष्ट कडांच्या उभ्या पट्ट्या ठरावीक अंतरावर दिसतात. हे अंतर म्हणजे त्याची स्विचिंग फ्रिक्वेन्सी, बहुतेकदा काही दहा ते काही शे किलोहर्ट्झ. उपकरण तापलं किंवा त्याच्यावरचा भार बदलला की पट्ट्या हळूहळू सरकतात. फक्त उन्हात दिसणारा आणि ढग आला की बदलणारा नॉइज सौर पॅनलच्या इन्व्हर्टरचा किंवा ऑप्टिमायझरचा. अंधार पडताच सुरू होणारा दिव्यांचा. ८० पासून पार ३० मीटरपर्यंत सपाट पसरलेली, उतार-चढाव नसलेली सरसर ऐकू आली, तर टेलिफोनच्या तारांवरून चालणाऱ्या व्हीडीएसएल इंटरनेटचा संशय घ्या. विजेच्या लाइनवरची ठिणगी मात्र रांगड्या गुंजनासारखी ऐकू येते. ती पुरवठ्याच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा फुटते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी वाढते आणि पावसात बऱ्याचदा गप्प होते.

माझा सगळ्यात चिवट नॉइज ३.५ मेगाहर्ट्झच्या पहिल्या तीस किलोहर्ट्झमध्येच होता, नेमका जिथे दूरची मोर्स स्टेशनं असतात. संध्याकाळी यायचा, पहाटे जायचा. दोन आठवडे मी त्याला बाहेरचा समजत होतो, कारण मेन बंद केल्यावरही तो थोडा शिल्लक राहायचा. शेवटी एक साधा मध्यम लहरींचा खिशातला रेडिओ घेऊन घरभर फिरलो. त्या रेडिओतली फेराइटची कांडी म्हणजे छोटी दिशादर्शक अँटेनाच: कांडीचं टोक स्रोताकडे वळलं की आवाज पडतो. फिरत फिरत पोहोचलो तो राउटरच्या ॲडॉप्टरपाशी. राउटर एका छोट्या बॅटरी बॅकअपवर होता, म्हणून मेन बंद केल्यावरही दोघं सुरूच राहायचे, फक्त विजेच्या वायरिंगमधून पसरणं कमी व्हायचं. संध्याकाळीच का? कारण घरातले सगळे तेव्हा इंटरनेट वापरायचे, ॲडॉप्टरवरचा भार वाढायचा आणि पट्टी सरकून बँडमध्ये यायची. ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर सप्लाय लावला आणि ८० मीटरचा तो कोपरा दोन एस-युनिटने शांत झाला. अँटेनाला हातही लावला नव्हता.

सापडलेलं उपकरण बदलता आलं तर बदला. नाहीतर त्याच्या वायरींवर फेराइट (नॉइज अडवणारे चुंबकीय मणी किंवा कड्या) लावा, आणि आत येणारी व बाहेर जाणारी अशा दोन्ही वायरींवर, उपकरणाच्या जितक्या जवळ जमेल तितक्या. ॲडॉप्टर स्वतः क्वचितच रेडिएट करतो. त्याला लागलेली दीड-दोन मीटरची वायर आणि तिच्या पलीकडचं घराचं वायरिंग रेडिएट करतं.

इथे फेराइटबद्दल नीट सांगायला हवं, कारण लो बँडवर (१६० आणि ८० मीटर) सर्वाधिक पैसा आणि श्रम वाया जातात ते इथेच. केबलवर टिचकीसरशी बसणारा क्लिपवाला मणी १.८ किंवा ३.५ मेगाहर्ट्झवर जवळजवळ निरुपयोगी असतो. एका फेऱ्याला तो जेमतेम काही दहा ओहम देतो, आणि ज्या प्रवाहाला थोपवायचं आहे त्याच्या वाटेत त्याहून मोठा अडथळा आधीच असतो. फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो: तीन फेरे म्हणजे नऊ पट, दहा फेरे म्हणजे शंभर पट. म्हणून लो बँडसाठी ६१ मिलिमीटर व्यासाची मोठी कडी घ्या, ३१ नंबरच्या मिक्सची (फेराइटच्या मिश्रणाचा प्रकार), आणि तिच्यावर बारीक कोॲक्सचे (अँटेनाची जाळीदार आवरणाची केबल) १२ ते १४ फेरे गुंडाळा. ८० मीटरवर असा चोक, म्हणजे केबलवरचा नको असलेला प्रवाह अडवणारं वेटोळं, काही हजार ओहम देतो, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यातला मोठा भाग शुद्ध रेझिस्टन्स असतो. १६० साठी दोन-तीन फेरे वाढवा किंवा दोन कड्या एकावर एक ठेवा. ४३ नंबरचा मिक्स वरच्या बँडवर छान चालतो, खाली तो कमी पडतो. ७५ नंबर १६० मीटरवर आणि त्याखाली उत्तम. नुसतं हवेत कोॲक्सचं वेटोळं करून केलेला चोक मात्र या बँडवर नको. तो निव्वळ इंडक्टन्स असतो, आणि केबलचा बाहेरचा पृष्ठभाग कपॅसिटिव्ह वागत असेल तर दोन्ही एकमेकांना खोडून प्रवाह उलट वाढतो. रिसिव्हिंगच्या केबलमधून पॉवर जात नसल्याने आरजी-१७४ सारखी बारीक केबल चालते, त्यामुळे गुंडाळणं सोपं.

आता माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा. कोॲक्सला तीन कंडक्टर असतात: आतली तार, ब्रेडचा (तारेभोवतीच्या विणलेल्या जाळीचा) आतला पृष्ठभाग आणि ब्रेडचा बाहेरचा पृष्ठभाग. सिग्नल पहिल्या दोघांमधून जातो. तिसरा म्हणजे घरातून निघून आवारभर पसरलेली एक लांब, मोकळी तार. तिचं एक टोक तुमच्या रेडिओच्या चेसिसला, म्हणजे पर्यायाने घरातल्या प्रत्येक गोंगाट्या सप्लायला जोडलेलं असतं. दुसरं टोक अँटेनाच्या फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडली जाते तिथे. घरातला नॉइज या बाहेरच्या पृष्ठभागावरून चालत फीडपॉइंटपर्यंत जातो आणि तिथे, चोक नसेल तर, वळून कोॲक्सच्या आत शिरतो. याला कॉमन मोड म्हणतात. म्हणजे अँटेना आवाराच्या टोकाला नेऊनही घराचा नॉइज केबलवर बसून तिच्या मागोमाग जातो. माझी पहिली टर्मिनेटेड लूप (एका टोकाला रेझिस्टर लावलेली, एकाच बाजूला ऐकणारी) अशीच वाया गेली होती. मागची बाजू बंद व्हायला हवी होती, पण चारही दिशांना सारखीच घरघर. अँटेना बरोबर होती, ऐकत होती ती केबल.

हे तपासायचं कसं? सर्रास सांगितलं जातं की केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड लावा आणि ऐका. नॉइज आलाच, तर केबल किंवा कनेक्टर खराब आहे हे पक्कं. पण शांतता मिळाली म्हणून केबल निर्दोष ठरत नाही, कारण नॉइज आत वळतो ती जागा फीडपॉइंट आहे आणि तीच तुम्ही चाचणीतून वगळली. म्हणून अँटेना आणि केबल जुळवणारा फीडपॉइंटवरचा ट्रान्सफॉर्मर जागेवर ठेवा, अँटेनाच्या तारा सोडवा आणि त्यांच्या जागी अँटेनाच्या इम्पिडन्सइतका रेझिस्टर लावा. आता जे ऐकू येईल ते अँटेनाशिवाय येतंय. अँटेना लावल्यावरच्या नॉइजपेक्षा ते निदान दहा डेसिबलने खाली असायला हवं, वीस असेल तर निश्चिंत. नसेल तर चोक वाढवा: एक फीडपॉइंटला, एक केबल घरात शिरते तिथे. ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वाइंडिंग एकमेकांपासून पूर्ण वेगळी ठेवा, ऑटोट्रान्सफॉर्मर नको. ७३ मिक्सच्या छोट्या बायनॉक्युलर कोअरवर रेडिओकडे दोन फेरे आणि अँटेनाकडे सहा फेरे दिले की ५० चे ४५० ओहम होतात. ७५ ओहमच्या टीव्हीच्या केबलसाठी दोन आणि पाच. अँटेनाला अर्थिंग लागत असेल तर तो रॉड स्वतंत्र, आणि कोॲक्सच्या ब्रेडला रॉड द्यायचा असेल तर तो काही मीटर दूर. दोघांना एकत्र बांधलं की वेगळ्या वाइंडिंगचा सगळा फायदा जातो. आणि केबल जमिनीवरून किंवा जमिनीखालून न्या, हवेत लोंबती ठेवू नका.

एवढं झालं की मग अँटेना.

रिसिव्हिंग अँटेना लहान का चालते, याचं उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. ८० मीटरवर बाहेरचा नॉइज ५७ डेसिबल वर आणि रिसिव्हरचा स्वतःचा नॉइज जास्तीत जास्त १५ वर धरला, तर मधली चाळीस डेसिबलची जागा रिकामी आहे. अँटेना २५-३० डेसिबलने कमजोर असली तरी ती रिसिव्हरचा नॉइज नव्हे, बाहेरचाच नॉइज ऐकत राहते. अँटेना जोडल्यावर नॉइज आठ-दहा डेसिबलने वाढतो ना, एवढं पाहा. वाढत असेल तर ती पुरेशी आहे. त्याहून मोठी करून गुणोत्तर सुधारत नाही. गुणोत्तर सुधारतं ते दिशेने आणि अंतराने.

अंतराचं मोल फार कमी लेखलं जातं. लहान स्रोताच्या जवळच्या क्षेत्रात, म्हणजे तरंगलांबीच्या साधारण एक षष्ठांशाच्या आत (१६० वर २५ मीटर, ८० वर १३ मीटर), क्षेत्राचा मुख्य भाग अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं की १८ डेसिबलपर्यंत घट. घराचं वायरिंग हा काही लहान बिंदू नाही, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, तरी घराच्या भिंतीपासून चार मीटरवरची लूप बारा मीटरवर नेल्याने जे होतं ते महागड्या यंत्राने होत नाही. तुमच्या आवाराचा घरापासून सर्वात लांबचा कोपरा निवडा. तो दिसायला गैरसोयीचा असेल, तरी तोच.

‘मॅग्नेटिक लूप विद्युत क्षेत्र ऐकत नाही म्हणून शांत असते’ हे वाक्य तुम्ही बरेचदा वाचलं असेल. मला ते अर्धवट वाटतं. १६० मीटरवर तुमचं अख्खं आवार स्रोताच्या जवळच्या क्षेत्रात येतं, हे खरं. पण त्या क्षेत्रात चुंबकीय प्रकारचे स्रोतही भरपूर असतात. एखाद्या वायरिंगच्या वेढ्यातून वाहणारा प्रवाह लूपला उलट जास्त जोरात ऐकू येतो. लूपचे खरे फायदे वेगळे आहेत: ती लहान आणि बॅलन्स्ड असते, म्हणून कॉमन मोड कमी पकडते. ती घरापासून दूर, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर ठेवता येते. आणि तिला एक खोल नल, म्हणजे जिकडचं ऐकू येत नाही अशी दिशा, असतो.

हा नल समजून घ्या. उभ्या लूपच्या अक्षाच्या दिशेने, म्हणजे तिच्या प्रतलाला काटकोनात, ती बहिरी असते. पण हा बहिरेपणा जमिनीलगत येणाऱ्या लहरींपुरता. आयनोस्फिअरवरून वरच्या कोनातून उतरणारे सिग्नल त्या नलमध्ये सापडत नाहीत. शेजारच्या घराचा नॉइज मात्र जमिनीलगतच येतो. त्यामुळे लूप फिरवून नॉइज वीस डेसिबलने पाडता येतो आणि सिग्नल जवळपास तसेच राहतात. एकच ठळक स्रोत असेल तर लो बँडवर याहून स्वस्त औषध नाही. मीटरभर व्यासाची लूप हाताने फिरवून एकदा जागा ठरवली की पुरे, रोटेटरची गरज क्वचित पडते. ॲक्टिव्ह लूप घेताना दोन गोष्टी पाहा. जवळ मध्यम लहरींचं प्रसारण केंद्र असेल तर ॲम्प्लिफायर ओव्हरलोड होऊन बँडभर नसलेली स्टेशनं उगवतात, त्यामुळे ते चांगलं झेपणारा ॲम्प्लिफायर हवा. आणि त्याला वीज देणारा सप्लाय लिनियर हवा. स्विचिंग ॲडॉप्टर लावला तर नॉइजचा स्रोत आपण स्वतःच केबलच्या टोकाला बांधून देतो.

नॉइज चारी बाजूंनी येत असेल तर नल पुरत नाही, मग दिशादर्शक अँटेना हवी. हे मोजायला आरडीएफ हे माप आहे: हव्या त्या दिशेचा गेन वजा सगळ्या दिशांची सरासरी. साध्या उभ्या व्हर्टिकलचा आरडीएफ पाच डेसिबलच्या आसपास, के९एवाय लूप आणि फ्लॅग (दोन्ही छोट्या टर्मिनेटेड लूप) यांचा सातच्या थोडा वर, एका तरंगलांबीच्या बेव्हरेजचा दहाच्या जवळ. व्हर्टिकलपेक्षा अडीच डेसिबल जास्त, हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण नॉइजच्या काठावरचा मोर्स सिग्नल अडीच डेसिबलने वर आला की जे कॉलसाइन कळत नव्हतं ते कळतं. माझे कित्येक संपर्क तेवढ्यावर झाले आहेत.

तुमच्या जागेत के९एवाय बसेल. १९९७ मध्ये क्यूएसटी या हौशी रेडिओच्या मासिकात ही रचना प्रसिद्ध झाली, आणि लहान आवारासाठी मला अजून ती सर्वात समजूतदार वाटते. साडेसात मीटरचा एक न गंजणारा, अधातूचा खांब, त्यावरून साधारण २६ मीटर तारेचा एक वेढा, तळाशी एक अर्थ रॉड, एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्याला चारशे-पाचशे ओहमचा रेझिस्टर. तसाच दुसरा वेढा काटकोनात लावला आणि रिले घातले की चार दिशा मिळतात. जमिनीवर विस्तार फक्त नऊ-दहा मीटरचा. खांब उभारायचा नसेल तर जमिनीवर पसरायची लूप करून पाहा: साडेचार मीटर बाजूचा चौकोन, एकूण १८ मीटर इन्सुलेटेड तार, गवतावर आडवी, एका कोपऱ्यात ९:१ ट्रान्सफॉर्मर. सिग्नल खूप कमजोर येतात, १६० वर प्रीॲम्प लागू शकतो, पण स्थानिक नॉइज त्याहून जास्त पडतो. दुपारभरात होणारं काम आहे. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यांदा हीच केली असती.

बेव्हरेजचा विचार सोडून द्या. तिचं आकर्षण मला कळतं. हॅरल्ड बेव्हरेज यांच्या नावाची ही अँटेना हौशी रेडिओच्या इतिहासाशी जोडलेली आहे. १९२१ च्या डिसेंबरमध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर तंबूत बसून अटलांटिकपलीकडची हौशी स्टेशनं ऐकली, ती शेतातून नेलेल्या अशाच काहीशे मीटरच्या तारेवर. पण १६० मीटरवर तिला निदान १६० मीटर सरळ जागा हवी. वीस मीटरची ‘छोटी बेव्हरेज’ ही बेव्हरेज नसते, ती जमिनीलगतची एक दिशाहीन तार असते, आणि घराजवळ असल्याने नॉइज मनसोक्त गोळा करते.

आणखी एक गोष्ट तुमच्या छोट्या आवारात नक्की आडवी येईल. इन्व्हर्टेड एल १६० वर रेझोनंट आहे, म्हणजे तिची लांबी त्या बँडला नेमकी जुळते. ती घराचा नॉइज पकडते आणि पुन्हा रेडिएट करते, आणि काही मीटरवरची रिसिव्हिंग लूप तो ऐकते. लूपची दिशाही त्यामुळे बिघडते. म्हणून ऐकताना एल तिच्या तळाशी रिलेने मोकळी करा. पाव तरंगलांबीची तार जमिनीपासून तुटली की १६० वर रेझोनंट राहत नाही. पण एक मेख आहे: तीच मोकळी तार ८० मीटरवर अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे नेमकी रेझोनंट होते. त्यामुळे ८० वर ऐकताना तिला उलट जमिनीला जोडून ठेवायचं. इन्व्हर्टेड व्ही चोकशिवाय असेल तर तिच्या केबललाही चोक द्या. आणि ट्रान्समिट करताना रिसिव्हिंग अँटेना रिसिव्हरपासून तुटलीच पाहिजे. शंभर वॅट इतक्या जवळून लूपमध्ये शिरले तर प्रीॲम्प आणि रेडिओचा फ्रंट एंड दोन्ही जाऊ शकतात. ट्रान्समिट सुरू होण्याच्या आधी रिले पडेल अशी व्यवस्था करा.

नॉइज कॅन्सलर, म्हणजे दोन अँटेनांचे सिग्नल उलट्या फेजमध्ये मिळवून नॉइज खोडणारं यंत्र, चालतं, पण एका वेळी एकाच स्रोतावर. त्याची नॉइज अँटेना त्या स्रोताच्या इतक्या जवळ हवी की तिला नॉइज जोरात आणि सिग्नल जवळजवळ ऐकूच येऊ नयेत. शेजारच्या एकाच उपकरणाने छळलं असेल आणि ते बदलणं शक्य नसेल, तर घ्या. पाच स्रोत असताना घेऊ नका.

शेजाऱ्यांबद्दल: नॉइज त्यांच्या घरातला निघाला, तर रेडिओच्या तक्रारीने बोलणं सुरू करू नका. मी खिशातला रेडिओ सोबत नेतो, त्यांच्याच हातात देतो आणि तो आवाज त्यांना ऐकवतो. मग मीच आणलेला चांगला ॲडॉप्टर किंवा फेराइट गुंडाळलेली वायर लावून बघू का, असं विचारतो. आतापर्यंत कोणी नाही म्हटलेलं नाही. विजेच्या खांबावरची ठिणगी असेल तर खांबाचा नंबर आणि वेळांची नोंद वीज कंपनीला द्या. खांबाला हात लावू नका, आणि तार हलते का हे पाहायला त्यावर काही आपटू तर मुळीच नका. नेमका खांब ओळखायला १३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा एएम रिसिव्हर आणि छोटी यागी (एका दिशेला ऐकणारी अँटेना) उपयोगी पडते, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला ठिणगी फक्त जवळूनच ऐकू येते.

रेडिओची बटणंही जागेवर आणा. लो बँडवर प्रीॲम्प बंद, ॲटेन्युएटर चालू, आरएफ गेन नॉइज जेमतेम ऐकू येईल इतका खाली. मोर्ससाठी २४०० वरून २५० हर्ट्झवर आलात की नॉइज जवळजवळ १० डेसिबलने घटतो, तेही फुकट. नॉइज ब्लँकर ठिणगीच्या नॉइजवर चालतो, स्विचिंग सप्लायच्या सरसरीवर नाही, आणि जवळ दमदार स्टेशन असताना तो स्वतःच सिग्नल फाडतो.

येत्या रविवारी दुपारी बारा वाजता बॅटरीवर, यूपीएस बंद, मेन बंद करून ३.५ आणि १.८ चे आकडे घ्या. मग तेच रात्री दहा वाजता, सगळं चालू ठेवून. हे चार आकडे आणि वॉटरफॉलचा एक फोटो पाठवा. दुपारी मेन बंद केल्यावर ८० मीटर एस ६ च्या खाली गेलं, तर तुम्हाला अजून महिनाभर तरी नवीन अँटेनाची गरज पडणार नाही. नाही गेलं, तर जमिनीवरच्या लूपसाठी १८ मीटर तार आणि एक छोटा कोअर आणून ठेवा, ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा ते मी पुढच्या उत्तरात पायरीपायरीने लिहितो.